मानाच्या स्त्रीला मराठीत काय म्हणावं: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मराठीत नव्याने लिहायला लागलेल्या, भाषांतर करणाऱ्या किंवा गावातल्या कार्यक्रमाचं निवेदन पहिल्यांदा हाती आलेल्या माणसाला एक अडचण हमखास येते. समोर एखादी मोठी स्त्री असते. इतिहासातली राणी असेल, गावची सरपंच असेल, थोर गायिका असेल किंवा सत्काराला बोलावलेली कुणाची म्हातारी आई असेल. तिला म्हणायचं काय? कोश उघडला की राज्ञी, महिषी, देवी, सम्राज्ञी, स्वामिनी, बेगम अशी रांगच मिळते. त्यातला एखादा भारदस्त शब्द उचलून वाक्यात बसवला जातो आणि वाक्य फसतं.

मी बरीच वर्षं मुद्रितं तपासते. ऐतिहासिक कादंबऱ्या, अनुवाद, स्मरणिका, लग्नपत्रिका, सगळं हातावरून जातं. या जागी नवीन माणसं त्याच त्या चुका करतात, आणि त्या ज्ञानाच्या कमी, लक्षाच्या जास्त असतात. मराठीत स्त्रीचा मान पदवीत थोडाच राहतो. तो नात्याच्या शब्दात राहतो, क्रियापदाच्या शेवटात राहतो आणि कधीकधी एका अनुस्वारात राहतो. म्हणून सुरुवात कोशापासून करू नका, व्याकरणापासून करा.

पहिली पायरी: क्रियापद आणि अनुस्वार

'राणी आली' हे गोष्टीतलं वाक्य. 'राणीसाहेब आल्या' हे मानाचं. एकच व्यक्ती, पण क्रियापद स्त्रीलिंगी अनेकवचनी. सर्वनामही 'ती' सोडून 'त्या' होतं आणि विशेषणही बरोबर चालतं: 'थोरल्या राणीसाहेब', 'धाकट्या वहिनीसाहेब'. 'साहेब' या शब्दाला भुलून काहीजण 'राणीसाहेब आले' असं लिहून जातात. 'साहेब' अरबीतून फारसीमार्गे आला, पुरुषांना लागला आणि मराठीने तो स्त्रियांनाही तसाच लावला: आऊसाहेब, मासाहेब, आईसाहेब, बाईसाहेब, ताईसाहेब, अक्कासाहेब. शब्द बदलला नाही, पण लिंग स्त्रीचंच राहिलं. तेव्हा 'बाईसाहेब निघाल्या', 'आऊसाहेब म्हणाल्या'.

आता अनुस्वार. 'अहिल्याबाईने घाट बांधला' आणि 'अहिल्याबाईंनी घाट बांधला' ही दोन वाक्यं मोठ्याने वाचून बघा. पहिल्यात शेजारची कुणीतरी आहे, दुसऱ्यात महेश्वरची राज्यकर्ती. 'बाईचे' आणि 'बाईंचे', 'ताईला' आणि 'ताईंना', 'जिजाऊने' आणि 'जिजाऊंनी' यांतही तोच फरक. टंकलिखित मजकुरात हा बिंदू सगळ्यात आधी गळतो. मी मुद्रित तपासताना पहिली फेरी फक्त यासाठी घेते. नावावर बोट ठेवायचं आणि विभक्तीवर बिंदू आहे का ते बघायचं.

हा बिंदू खऱ्या अनेकवचनाहून वेगळा आहे, हेही ध्यानात घ्या. 'बायांनी मोर्चा काढला' म्हणजे पुष्कळ बायकांनी. 'बाईंनी मोर्चा काढला' म्हणजे एका आदरणीय बाईंनी. 'तायांनी' आणि 'ताईंनी' यांचंही तसंच.

घरातलं एक उदाहरण सांगते, कारण यापेक्षा चांगलं मला सापडलेलं नाही. लग्न झालेली मुलगी फोनवर म्हणते, 'आईला विचारते'. ती माहेरच्या आईबद्दल बोलते आहे. तीच म्हणते, 'आईंना विचारते', तेव्हा ती सासूबद्दल बोलते आहे. माहेरची आई 'अगं आई', सासरची 'अहो आई'. नाव सांगावं लागत नाही, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणजे 'ला' आणि 'ंना' यांच्यामध्ये दोन घरांचं अंतर आहे. परक्या भाषेतून कुटुंबकथा अनुवादित करणाऱ्यांनी हे एवढं जरी सांभाळलं तरी अर्धी पात्रं आपोआप जागेवर बसतील.

यातून एक गोष्ट आपसूक निघते. मराठीत 'तू' म्हणजे अनादर असं समीकरण नाही. सख्ख्या आईला आपण 'तू' म्हणतो, वडिलांना पुष्कळ घरांत 'तुम्ही'. अंबाबाईला, भवानीला, विठाईला 'तू'च म्हणतो. पण तीच आई पत्रात 'मातोश्री' झाली की लगेच 'मातोश्री आल्या'. शब्द औपचारिक झाला की क्रियापदही औपचारिक झालं पाहिजे. 'मातोश्री आली' हे वाक्य दोन्हीकडून लंगडं.

आणि एक बारीकशी सवय सोडा: नावाला 'जी' लावणं. 'जिजाऊजी', 'ताईजी' ही हिंदीची चाल आहे. मराठीत मान नात्याच्या शब्दाने आणि अनेकवचनाने होतो, वर 'जी'ची गरज नसते.

दुसरी पायरी: हाक कोण मारतंय?

निवेदकाचा शब्द आणि पात्राच्या तोंडचा शब्द वेगळे असतात. 'राजमाता जिजाबाई' हा निवेदकाचा, इतिहासलेखकाचा शब्द. लहानग्या शिवबाच्या तोंडी तो घातला तर प्रसंग लाकडी होतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि जिजाबाई पाचाडला १७ जून १६७४ रोजी गेल्या. अभिषिक्त छत्रपतींची आई म्हणून त्या जगल्या त्या ११ दिवस. त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात त्यांना हाक मारणाऱ्या माणसांच्या तोंडी 'आऊसाहेब', 'मासाहेब' हेच शोभतं. 'जिजाऊ' या नावातही 'आऊ' म्हणजे आईच आहे.

महेश्वरच्या अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण यापेक्षाही बोलकं आहे. त्यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये. त्यानंतर १७९५ पर्यंत कारभार त्यांनी पाहिला. सैन्याची बाजू तुकोजी होळकर सांभाळत. तुकोजी वयाने त्यांच्याहून थोडे मोठेच, तरी ते त्यांना आई मानत, आईच म्हणत. 'मातुश्री' हा शब्द इथे वयाचा नाही आणि रक्ताचाही नाही. तो अधिकाराचा आहे. 'मातुश्री अहिल्याबाई' असं कुठे वाचलं तर नव्या वाचकाला ती वृद्ध स्त्री वाटते, तर ती गादीवरची व्यक्ती आहे. तुमच्या कथेत एखादा पन्नाशीचा सरदार पंचेचाळिशीच्या बाईंना 'मातुश्री' म्हणत असेल तर ते खोडू नका, बरोबर आहे.

थोडक्यात, वाक्य लिहिण्याआधी बोलणारा ठरवा. दासी 'बाईसाहेब' म्हणेल. दीर 'वहिनीसाहेब' म्हणेल. कारभारी 'मातुश्री' म्हणेल. शत्रू नुसतं नाव घेईल. नवरा बहुधा नाव घेणारच नाही.

तिसरी पायरी: दरबार कुणाचा होता ते बघा

ही चूक मला सगळ्यात जास्त भेटते, म्हणून इथे जरा थांबते. 'पेशव्यांची राणी काशीबाई' असं लिहिलेलं वाचलं की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. पुण्यात सत्ता कितीही एकवटली तरी राजा साताऱ्याला होता. तेव्हा पेशव्यांच्या घरातल्या स्त्रिया राण्या नव्हत्या. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई, पत्नी काशीबाई, नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई: यांना 'श्रीमंत', 'बाईसाहेब', 'मातुश्री', 'वहिनी' असे शब्द बसतात. गोपिकाबाईंचा दरारा अनेक राण्यांहून मोठा होता, पण म्हणून पदवी बदलत नाही. उलट 'राणी' न म्हणता तो दरारा दाखवणं हेच लेखकाचं काम.

छत्रपतींच्या घरात मात्र 'राणी', 'राणीसाहेब', 'महाराणी' बरोबर. रायगडावर १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी बसल्या. सईबाई १६५९ मध्येच वारल्या होत्या, त्यामुळे सईबाईंना 'पट्टराणी' लिहिणं चूक. 'पट्टराणी' म्हणजे आवडती राणी असा समज पसरलेला आहे. तो अर्थ लोककथांतून आला. मूळ अर्थ पट्टाभिषेक झालेली, अधिकृत राणी.

राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर राज्य ओढणाऱ्या ताराबाईंना 'महाराणी ताराबाई' म्हणतो ते योग्यच आहे. त्यांच्या थोरल्या जाऊबाई येसूबाई. त्यांच्या नावाशी जोडलेली मुद्रा 'श्री सखी राज्ञी जयति' अशी आहे. चार शब्दांत सखी आणि राज्ञी शेजारी शेजारी. रायगड १६८९ मध्ये पडला, येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये परत आल्या. या तीस वर्षांबद्दल लिहिताना 'कैदी राणी', 'बिचारी राणी' असले शब्द टाळा. 'येसूबाई राणीसाहेब मोगलांच्या छावणीत होत्या' एवढं पुरे. मानाचा शब्द कैदेतही तोच राहतो, आणि वाचकाला तेच जास्त भिडतं.

होळकर, शिंदे, गायकवाड हे सरदार. होळकरांना 'सुभेदार' म्हणत. त्यामुळे अहिल्याबाईंना त्यांच्या काळच्या संवादात 'महाराणी' म्हणण्यापेक्षा 'बाईसाहेब', 'मातुश्री' बरं. 'पुण्यश्लोक', 'लोकमाता', 'देवी' ही लोकांनी दिलेली विशेषणं निवेदनात चालतात. झाशीचे नेवाळकर मुळात पेशव्यांचे सुभेदारच, पण पुढे इंग्रजांनी त्यांचं राजेपण मान्य केलं, म्हणून 'राणी लक्ष्मीबाई' बरोबर. गायकवाडही पुढे संस्थानिक झाले, म्हणून बडोद्याच्या चिमणाबाई गायकवाड 'महाराणी' होत्या. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा.

विसाव्या शतकात राजघराण्यांत '-बाई' मागे पडून '-राजे' आणि '-देवी' पुढे आले. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे हे सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. 'राजे' दिसतो पुरुषी, पण क्रियापद 'विजयाराजे आल्या'. कोल्हापुरात 'आईसाहेब महाराज' पुतळा आहे. 'महाराज' हा शब्दही मराठीने स्त्रीच्या नावामागे सहज लावला.

मुसलमानी दरबाराचे शब्द वेगळे. 'बेग' वरून 'बेगम', 'खान' वरून 'खानम', ही तुर्की घडण. नव्या लेखकाला बेगम म्हणजे केवळ नवाबाची बायको वाटते. भोपाळवर १८१९ पासून १९२६ पर्यंत एकापाठोपाठ चार बेगमांनी राज्य केलं. तिथे 'बेगम' हे राज्यकर्तीचंच पद होतं. शाहजहानची मुलगी जहानआरा 'पादशाह बेगम' होती, म्हणजे बायको नसून मुलगी असतानाही जनान्यात सर्वोच्च. आणि 'बीबी' म्हटलं की आपल्याला अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणाऱ्या चांदबीबी आठवल्या पाहिजेत. तिथे 'राणी चांदबीबी' लिहू नका, 'बीबी'त मान आहेच.

चौथी पायरी: संस्कृत शब्द जपून वापरा

'महिषी' हा शब्द अनुवादकांना फार आवडतो. अमरकोशात अभिषेक झालेली राणी ती महिषी आणि राजाच्या इतर स्त्रिया भोगिनी असा भेद दिला आहे. नाटकात तर अभिषिक्त राणीला 'देवी' आणि इतर राण्यांना 'भट्टिनी' अशी हाक. संस्कृत नाटकाचा अनुवाद करताना हा भेद मोलाचा आहे. एकीला 'देवी' आणि दुसरीला 'भट्टिनी' म्हटलं की दासीच्या एका हाकेने कुणाचं वजन किती ते कळतं. पण ऐतिहासिक मराठी कथेत 'महिषी' आणू नका. आपली 'म्हैस' याच शब्दातून आली आहे आणि मराठी कानाला तीच आधी ऐकू येते.

'सम्राज्ञी' हा शब्द साम्राज्य असेल तिथेच. 'स्वामिनी' भक्तीच्या मजकुरात शोभतो. 'देवी' नावापुढे लावला तर आधुनिक, औपचारिक आणि थोडा उत्तरेकडचा वाटतो.

'नाटकशाळा' हा शब्द जुन्या कागदांत भेटला तर थिएटर समजू नका. त्याचा अर्थ ठेवलेली स्त्री. हा मानाचा शब्द नाही, पण ज्यांना तो लावला गेला त्यांतल्या काहींचा वाड्यात शब्द चालत असे. अनुवादात त्यांना नावाने आणि 'बाई'ने लिहावं असं माझं मत आहे.

पाचवी पायरी: 'बाई'

या एका शब्दावर वेळ खर्च करा. जिजाबाई, ताराबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई: आपल्या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या स्त्रियांच्या नावात हा शब्द आहे. शाळेतल्या शिक्षिका 'बाई'. आणि 'आज बाई आली नाही' म्हटलं की घरकाम करणारी. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. शाळेच्या बाई 'आल्या नाहीत' आणि कामाची बाई 'आली नाही'. तिला 'आल्या नाहीत' म्हणणारी घरंही मी पाहिली आहेत, आणि तिथे मुलंही तिला 'मावशी' म्हणतात. लिहिताना हा फरक ठरवून करा, सवयीने होऊ देऊ नका.

नावातली 'बाई' तोडून 'सावित्री फुले', 'अहिल्या होळकर' असं सुटसुटीत करण्याची पद्धत दिसते. मला ती पटत नाही. हा शब्द त्यांच्या नावाचा भाग आहे. जोडूनच लिहा, 'अहिल्या बाई' असं तोडू नका. हिंदी अनुवादाच्या सावलीत लिहिणारे काहीजण 'बाई'ला बिचकतात, कारण उत्तरेत 'बाईजी' या शब्दाला कोठ्याचा वास लागला. मराठीत तसं नाही. इथल्या गायिकांनी तर हा शब्द ताठ मानेने मिरवला. गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर, कुर्डीच्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर. मोगूबाईंच्या कन्या मात्र किशोरीताई. आईची 'बाई', लेकीची 'ताई', आणि मधे एक पिढी. त्याच काळात मंगेशकरांकडे लतादीदी आणि आशाताई अशा दोन हाका रुळल्या. या हाका लोकांनी ठरवल्या आहेत, बदलू नका. 'लताताई' लिहिलं तर व्याकरण बरोबर असूनही वाचक अडखळतो.

शास्त्रीय गायिकांना आज 'विदुषी' म्हणतात. 'पंडिता' हा शब्द मात्र आपल्याकडे एका नावाशी कायमचा जोडला गेला. रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पदवी नवऱ्याकडून आली नाही, वडिलांकडूनही नाही, विद्येवर मिळाली. म्हणून 'पंडिता रमाबाई' लिहिताना 'पंडिता' कधीही गाळू नका.

'बाई' हा मान सगळ्यांना मिळाला नाही, हेही नव्या लेखकाने जाणून असावं. वाड्यावरची ती 'बाईसाहेब' आणि वाड्याबाहेर राबणारी नुसती सखू, गंगी, साळी. तिचं वय साठ असलं तरी हाक तीच. खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईला पूर्ण नावाने हाक मारणंही लोकांना जड जायचं. ग्रामीण कथा लिहिताना पाटलाच्या तोंडी ती हाक खरी म्हणून ठेवा, पण निवेदन तुमचं आहे. निवेदनात ती सखूबाईच असली पाहिजे. याच दुखण्यातून 'रमाई', 'भीमाई', 'सावित्रीमाई' या हाका वर आल्या आणि लोकांनी आपल्या स्त्रियांना 'आई' जोडून स्वतःच मोठं केलं. कुठल्याही दरबाराने ती पदवी दिलेली नाही. वारकऱ्यांनी तर मुक्ताबाईंची मुक्ताई केली आणि 'माउली' हा आईचा शब्द ज्ञानेश्वरांना दिला. आजही वारीत अनोळखी पुरुषाला 'माउली, जरा वाट द्या' म्हणतात. मराठीतला सर्वोच्च मान पुरुषालाही आईच्याच शब्दाने मिळतो.

सहावी पायरी: सौ., श्रीमती, गं. भा.

जुन्या पत्रांचे मायने वाचा, म्हणजे या संक्षेपांच्या मागे काय आहे ते कळेल. नवरा हयात असलेल्या स्त्रीला 'वज्रचुडेमंडित' म्हणत, म्हणजे वज्रासारख्या न फुटणाऱ्या चुड्याने सजलेली. नवरा गेलेल्या थोर स्त्रीला 'गंगाजलनिर्मळ'. दोन्ही शब्द सुंदर, पण दोन्हींत पहिली माहिती एकच: नवरा आहे की नाही. 'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, लग्नपत्रिकेतलं 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मानाच्या शब्दाला कुंकवाची अट लावलेली आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. २०२३ मध्ये सरकारी कामकाजात 'विधवा'ऐवजी 'गं. भा.' वापरण्याची सूचना पुढे आली, तेव्हा अनेक स्त्रियांनी कडाडून विरोध केला. मलाही तो विरोध पटतो. शब्द गोड केला म्हणून खूण पुसली जात नाही.

मग छापायचं काय? 'श्रीमती' हा शब्द सगळ्यांसाठी आहे, सरकारी कागदपत्रांतही तो तसाच वापरतात. पण गावाकडे 'श्रीमती' वाचून नवरा नाही असा अर्थ अजून काढला जातो, आणि सुवासिनीच्या नावापुढे तो छापला तर घरात रुसवा होतो. त्यामुळे स्मरणिकेत सगळ्या स्त्रियांना एकच उपाधी लावा, किंवा कुणालाच लावू नका. अर्ध्या 'सौ.' आणि अर्ध्या 'श्रीमती' अशी यादी छापली की वाचणारा प्रत्येक नावावर थांबून हिशोब करतो. आणि पुरुषांच्या नावापुढे 'डॉ.', 'प्रा.' छापून त्याच यादीतल्या डॉक्टर स्त्रीला 'सौ.' छापणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तिच्या नावापुढेही 'डॉ.' हवंच.

सातवी पायरी: नवऱ्याचं पद आणि तिचं पद

'पाटलीण', 'देशमुखीण', 'सरदारीण' म्हणजे पाटलाची, देशमुखाची, सरदाराची पत्नी. 'मास्तरीण' मात्र दोन्ही: मास्तरांची बायको आणि स्वतः शिकवणारी. इथून गोंधळ सुरू होतो. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात पुढे २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. गावोगावी स्त्रिया सरपंच झाल्या. 'सरपंचीण' म्हटलं की सरपंचाची बायको ऐकू येतं. म्हणून निवडून आलेल्या स्त्रीला 'सरपंच' हेच म्हणा, हाक मारताना 'सरपंचताई' किंवा 'सरपंचबाई'. आमदार, खासदार, महापौर, न्यायाधीश हे शब्दही तसेच राहतात. 'अध्यक्षा', 'मुख्याध्यापिका', 'संपादिका' रुळलेले आहेत, चालतात.

२००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' शब्दावर बरीच चर्चा झाली. 'पती' म्हणजे इथे धनी, पालक. 'सेनापती', 'सभापती' यांत आहे तोच. शब्द तसाच ठेवा आणि क्रियापदाला काम करू द्या: 'राष्ट्रपती म्हणाल्या'. पहिल्या पायरीवर शिकलेलं इथे उपयोगी पडतं. पद पुरुषी वाटलं तरी 'म्हणाल्या' सगळं सांगून जातं.

परदेशी पदव्यांबद्दल थोडंच. डचेस, काउंटेस, बॅरोनेस यांना 'सरदारीण' करू नका. ते शब्द देवनागरीत तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात दर्जा सांगा. 'लेडी' ही पदवी असेल तर 'लेडी'च, साधी आदरार्थी हाक असेल तर 'बाईसाहेब'. राज्य करणारी क्वीन आणि राजाची पत्नी असलेली क्वीन, दोघींनाही मराठीत 'राणी'च म्हणतात. फरक महत्त्वाचा असेल तिथे 'राज्यकर्ती राणी' लिहा. व्हिक्टोरिया १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या सम्राज्ञी म्हणून जाहीर झाल्या, पण मराठी माणसाच्या तोंडी त्या 'राणी'च राहिल्या: राणीछाप रुपया, भायखळ्याचा राणीचा बाग. त्या बागेचं नाव आता 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' आहे. माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेचंही 'वीरमाता जिजाबाई' झालं, आणि व्ही आणि जे ही आद्याक्षरं जशीच्या तशी राहिली. पणजीजवळच्या 'दोना पावला' या नावातला 'दोना' हाही पोर्तुगीजांचा मानाच्या स्त्रीसाठीचा शब्द. तो आपल्या जिभेवर इतका बसला आहे की आता फक्त गावाचं नाव वाटतो.

शेवटची पायरी: स्त्री हयात असेल तर तिला विचारा

हे फार लोक करत नाहीत. मध्यंतरी एका सत्काराची पत्रिका माझ्याकडे तपासायला आली. सत्कार होता पस्तीस वर्षं गावोगाव बाळंतपणं केलेल्या एका परिचारिकेचा. मसुद्यात नावापुढे 'सौ.' होतं, वर 'मातोश्री' होतं, खाली 'आदर्श माता' आणि 'सेवाव्रती' होतं. काम मात्र कुठेच नव्हतं. मी आयोजकांकडून क्रमांक घेतला आणि त्यांना फोन केला. 'अहो ताई, तुमचं नाव कसं छापू?' त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावात मला सगळे सिस्टरबाई म्हणतात. तेच छापा, आणि खाली पस्तीस वर्षं असं लिहा.'

पत्रिका तशीच छापली. फक्त खालच्या ओळीत मसुद्याप्रमाणे 'सिस्टरबाईने' राहिलं होतं, तिथे मी बिंदू दिला आणि 'ने'चं 'नी' केलं.